शनिवारचा तिसरा तारा

मोबाइलवर 'पप्पा' असं नाव दिसलं म्हणून मी वर्गाबाहेर येऊन फोन उचलला, तर पलीकडून दुसराच माणूस बोलत होता. "मॅडम, ये अंकल हमारी दुकान के सामने बैठ गए हैं. उठ नहीं रहे. आप जल्दी आ जाओ."

मी घाबरले की आधी चिडते. माझा स्वभावच तसा आहे आणि शाळेतल्या मुलींना तो चांगला ठाऊक आहे. त्यामुळे जरीपटक्याच्या बाजारापर्यंत ऑटोत बसून मी पप्पांवर मनातल्या मनात ओरडत गेले. काय गरज होती सकाळी उठून बाजारात जायची? आपल्या बिल्डिंगखाली किराणा मिळत नाही का? या वयात स्कूटर काढायची हौस कशाला?

दुकानदाराने त्यांना आत घेऊन पोत्यांवर आडवं केलं होतं. कोणीतरी पुठ्ठ्याने वारा घालत होतं. चष्मा तुटू नये म्हणून दुकानदाराने तो काढून स्वतःच्या खिशात ठेवला होता. तो त्याने माझ्या हातात दिला आणि मग पप्पांची कापडी पिशवीही दिली. मी पप्पांचा हात धरून म्हणाले, "पप्पा, चला, उठा." वर्गात वापरते त्याच आवाजात म्हणाले. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की ते वाटेतच गेले. मला विचाराल तर ते पोत्यांवरच गेले होते.

घरी आल्यावर मी पिशवी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली, रोज अडकवतात तशी. आत काय आहे ते बघितलंही नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, मूळचे कोकणातले. नागपुरात हे समजावून सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. "म्हणजे पारशी का?" "म्हणजे ख्रिश्चनच ना?" "मग तुम्ही मराठी काहून बोलता?" पप्पा कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये कंट्रोल रूमला होते. तिथल्या कॉलनीत आमचं एकच घर यहुद्यांचं. पप्पांना या प्रश्नांचा कधी कंटाळा आला नाही. ते पक्के नागपुरी झाले होते. "मले इचारा ना, मी सांगतो," म्हणत आणि चहा पाजून सगळं सांगत. आई मात्र इतकी वर्षं इथे राहूनही कोकणातलीच राहिली.

शनिवार हा आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. शुक्रवारी सूर्य मावळताना तो लागतो आणि शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की संपतो. पॉवर हाऊसला कसला आलाय विसावा! तिथे शिफ्ट चालूच. म्हणून पप्पा आपला शनिवार दुसऱ्याला देत आणि बदल्यात दुसऱ्याच्या सणाची ड्यूटी घेत. दिवाळीला सगळी कॉलनी फटाके उडवायची तेव्हा माझा बाप मीटर-बटणांच्या पॅनलसमोर बसलेला असायचा. ईदलाही तोच, नाताळालाही तोच. कंट्रोल रूममध्ये सगळे त्यांना गमतीने 'शनिवारवाले' म्हणत. त्यांना त्यात काही कमीपणा वाटत नसे. मला वाटायचा.

अंत्यविधीसाठी मुंबईहून पप्पांचे चुलतभाऊ आले. त्यांनीच आंघोळ घातली, पांढरं कफन चढवलं. ख्रिश्चनांच्या कब्रस्तानात एका कडेला आमच्या लोकांची थोडी थडगी आहेत, तिथे पप्पांना ठेवलं. मृतासाठी जी प्रार्थना म्हणतात तिला दहा यहुदी पुरुष लागतात. नागपुरात म्हातारे-कोतारे धरूनही तेवढे भरले नाहीत. धाकटा भाऊ इस्रायलमध्ये असतो. तिकडची विमानं त्या आठवड्यात बंद होती. "मी इकडे म्हणतो दहाजणांत, तू काळजी करू नको," तो फोनवर म्हणाला आणि रडू लागला. मी म्हणाले, "बरं, ठेव, मला दुसरा फोन येतोय." दुसरा फोन येत नव्हता.

कब्रस्तानात काकांनी ब्लेडने आईच्या ब्लाउजच्या गळ्याला छेद दिला आणि तिने तो हाताने पुढे फाडला. माझ्या ओढणीलाही तसंच केलं. ही आमची रीत आहे. कपडा फाडायचा, तो सबंध आठवडा अंगावर ठेवायचा आणि घरी येऊन जमिनीवर बसायचं. आरसे झाकायचे. चप्पल घालायची नाही, दाराबाहेर पडायचं नाही, आणि आल्या-गेल्याने काही विचारलं नाही तरी चालेल, पण त्याने शेजारी बसायचं.

आई बसली. चटईवर भिंतीला टेकून बसली आणि रडली. मी माझ्या आयुष्यात आईला असं रडताना बघितलं नव्हतं. पदर तोंडात कोंबून तिने हुंदके दाबले नाहीत. ती पप्पांना एकेरी हाक मारून रडत होती, जी हाक तिने त्यांच्या जिवंतपणी कधी चारचौघांत मारली नसेल. जेवायला नको म्हणायची, पाणी नको म्हणायची, आणि थकली की भिंतीला डोकं लावून गप्प पडायची. खालच्या मजल्यावरच्या मावशी दोन्ही वेळचा डबा घेऊन यायच्या आणि तिला भरवायच्या. मावशी भिवापूरच्या. त्यांच्या वरणातही मिरची असते. त्यांनी मुद्दाम फिकं करून आणलेलं वरणही आईला झोंबायचं, पण ती मावशींच्या हातचं दोन घास खायची. माझ्या हातचं खात नव्हती.

आणि मी बसत नव्हते. मीही बसायला हवं होतं, मुलगी म्हणून माझंही तेच कर्तव्य होतं. पण दाखला कोण आणणार? पाहुण्यांना चहा कोण देणार? काकांना स्टेशनवर कोण सोडणार? पप्पांची स्कूटर बाजारातच उभी होती, ती कोण आणणार? मी फाटकी ओढणी घेऊन गावभर हिंडत होते. डोळे कोरडे ठणठणीत. लोक म्हणत, पोरगी धीराची आहे. मला धीर वगैरे काही नव्हता. मला काहीच वाटत नव्हतं. पोत्यांवर झोपलेले पप्पा आणि त्या दुकानदाराच्या खिशातला चष्मा, एवढंच सारखं दिसत होतं, आणि त्याचा माझ्याशी काही संबंध नाही असं वाटत होतं.

मग शुक्रवार आला. दुपार कलली होती. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आत भांड्यांचा आवाज झाला म्हणून बघायला गेले तर आई चटईवरून उठून स्वयंपाकघरात उभी होती. तिची आंघोळ झाली होती. केस विंचरून अंबाडा घातला होता. फाटका ब्लाउज घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला होता आणि अंगावर तिची शुक्रवारची मोतिया रंगाची साडी होती. गॅस पेटलेला होता. आणि ओट्यावर पप्पांची कापडी पिशवी उघडी पडलेली होती.

"आई?"

"काळ्या मनुका आणल्यात त्यांनी," आई म्हणाली. "कोमट पाण्यात घातल्यात. जरा उशीर झाला, पण भिजतील. लवंगा पण आहेत."

मी दाराची चौकट धरली. आमच्याकडे शुक्रवारी वाइनऐवजी काळ्या मनुकांचं सरबत करतात. त्यावर आशीर्वाद म्हणायचा आणि सगळ्यांनी एकेक घोट घ्यायचा. पप्पा गेले ते या मनुकांसाठी गेले होते. बिल्डिंगखाली मिळतात त्यात काड्या असतात म्हणून जरीपटक्याला गेले होते. आणि आई त्या मनुका बोटांनी कुस्करत होती, नेहमीसारखी, बिया निघाल्या की बाजूला टाकत होती.

"तू हे करणार आहेस? आज?"

"आज शुक्रवार नाही का?"

"आई, पप्पांना जाऊन किती दिवस झालेत?"

"शब्बाथला सुतक नसतं," ती म्हणाली. "रडायचं नसतं. उद्या तारे दिसले की परत बसायचं. तू पण आंघोळ कर. ती ओढणी काढून ठेव."

हा नियम मला ठाऊक नव्हता असं नाही. कुठेतरी ऐकला होता, लहानपणी धर्माच्या शिकवणीत असेल. पण ऐकलेला नियम वेगळा आणि आपल्या आईने सकाळपर्यंत भिंतीवर डोकं आपटलेलं असताना दुपारी अंबाडा घालून मनुका कुस्करणं वेगळं. नळ बंद करावा तसं तिने रडणं बंद केलं होतं. मला वाटलं, ही गेली. बाप मंगळवारी गेला आणि आई आज गेली, फक्त ही उभी आहे.

मावशी डबा घेऊन आल्या त्या दारातच थबकल्या.

"काय वं पोरी, काकू कुठे जाऊन राहिल्या काय?"

"कुठे नाही, मावशी."

"मंग हे चांगलं पातळ काहून नेसल्या? अन् गॅस कोनं पेटवला?" त्यांनी मला हाताला धरून जिन्यात नेलं आणि आवाज खाली आणला. "हे बरं नाही वं. तिले सदमा बसला आहे. आमच्या भिवापूरले एक बाई होती. नवरा गेला अन् दुसऱ्याच दिवशी न्हाऊन-धुऊन मिरच्या तोडाले गेली. कोनाशी काही बोलली नाही, रडली नाही. मंग वर्षभर तिची वाचाच गेली. तू डॉक्टरले बोलाव. मले तर भेव वाटून राहिलं."

मलाही तीच भीती होती, म्हणून मी मावशींवर चिडले. "आमच्यात असतं तसं," म्हणाले आणि दार लावून घेतलं. मग बीपीचं मशीन काढून आईच्या दंडाला पट्टा बांधला. ती एका हाताने मनुका गाळत होती, दुसरा हात तिने माझ्याकडे दिला. बीपी माझ्यापेक्षा चांगलं निघालं.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "आता न्हायला जा, सूर्य खाली चाललाय."

मी गेले. का गेले सांगता येत नाही. तिच्याशी वाद घालायची ताकद नव्हती एवढंच. बाहेर आले तेव्हा तिने काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर तेल ओतून वात पेटवली होती आणि तळहातांनी डोळे झाकून आशीर्वाद म्हणत होती. मग तिने एक गोष्ट केली, ज्याने माझा उरलासुरला धीरही सुटला. ती पप्पांच्या खुर्चीत जाऊन बसली. त्यांचा पेला तिने उचलला, सरबताने काठोकाठ भरलेला, आणि पप्पा म्हणायचे ती सगळी प्रार्थना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हटली. पप्पांचा गळा गोड होता. आईला सूर नाही, म्हणून ती शुक्रवारी नुसते ओठ हलवायची. त्या दिवशी ती मोठ्याने गायली. बेसूर, ताठ मानेने, आणि हात न हलवता. एक थेंब सांडला नाही.

मग पेला माझ्याकडे आला. मी त्यातून प्यायले. गोड होतं, नेहमीइतकंच गोड, आणि मला इतका राग आला की पेला भिंतीवर फेकावासा वाटला. पप्पा दर शुक्रवारी यानंतर माझ्या डोक्यावर हात ठेवत. मी पन्नाशीला आले तरी ठेवत. मी परगावी असले तर फोनवर आशीर्वाद म्हणत आणि मी फोन कपाळाला लावत असे. आता तो हात नव्हता. आईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती उठून हात ठेवील. तिने तसं केलं नाही. ती म्हणाली, "मासा गार होतोय."

शनिवारी दिवसभर तिने कोणाला रडू दिलं नाही. भेटायला आलेल्या बायका डोळे पुसू लागल्या की ती त्यांना पाणी द्यायची आणि त्यांच्या नातवंडांची चौकशी करायची. बायका बावचळून उठून जायच्या. मी कोपऱ्यात बसून तिच्याकडे बघत होते. कधी ती चुकते, हे शोधत होते. मला ती कोसळायला हवी होती. निदान मग ही माझीच आई आहे हे कळलं असतं.

शेवटी साडेपाच वाजता माझा बांध फुटला, पण रडण्याचा नव्हे, ओरडण्याचा.

"तुला काही वाटत नाही का गं? हसून बोलतेस लोकांशी! लोक काय म्हणत असतील? ते गेले आहेत, आई! त्या मनुकांपायी गेले आहेत!"

आईने हातातलं पुस्तक मिटलं.

"मी पण अशीच ओरडले होते," ती म्हणाली. "तुझ्या पप्पांवर."

"कधी?"

"तुझी आजी गेली तेव्हा. तू लहान होतीस, पहिली-दुसरीत असशील. आपण कॉलनीत राहत होतो. शुक्रवारी मी दिवा लावला आणि दार वाजलं. शिफ्ट इनचार्ज स्वतः आले होते, गावाहून ऑफिसात फोन आला होता म्हणून. तुझे पप्पा दारात उभे राहून ऐकत होते. मग त्यांनी साहेबांना आत बोलावलं, सरबत दिलं, जिन्यापर्यंत पोचवलं. परत येऊन हात धुतले, पेला उचलला आणि गायला लागले. रोज गायचे त्याहून बरं गायले. तुझ्या डोक्यावर हात ठेवला, तुझ्या भावाच्या ठेवला, जेवले. मी मनात म्हटलं, हा माणूस आहे की दगड? आई मेलीये आणि हा मासे खातोय. तुम्ही झोपल्यावर मी ओरडले त्यांच्यावर."

"काय म्हणाले?"

आई शब्द आठवत होती, कारण ते शब्द तिचे नव्हते.

"म्हणाले, 'पॅनलवर बसलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. त्याचा रिलिव्हर यावा लागतो. रिलिव्हर आला, त्याने चार्ज घेतला, की मगच तो खुर्ची सोडतो. ह्या दुःखाचं पॅनल मला आता जन्मभर सांभाळायचं आहे. शब्बाथ माझा रिलिव्हर आहे. तो आला आहे. उद्या संध्याकाळपर्यंत तो बघेल. मी त्याला चार्ज दिला नाही तर पुढे सांभाळू कसा?' मला तेव्हा काही कळलं नाही. मला वाटलं, पॉवर हाऊसमध्ये राहून डोकं फिरलंय."

मला त्या शुक्रवारचं काहीच आठवत नव्हतं. एवढी मोठी गोष्ट घरात घडली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवणाऱ्या माणसाचा हात मला त्या दिवशी वेगळा लागला नाही.

"दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या वेळेला ते तुला घेऊन गच्चीवर गेले," आई म्हणाली. "तारे मोजायला. ती चिमणीची गोष्ट नाही का, तुझी?"

आमच्या घरात ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पाहुणे आले की पप्पा सांगत. मी लहानपणी गच्चीवर तारे मोजले, एक, दोन आणि तीन, आणि तिसरा तारा म्हणून पॉवर हाऊसच्या उंच चिमणीवरचा लाल दिवा दाखवला. पप्पा म्हणाले, "चिमणी नाही धरायची वं पोरी." मग घरात ते वाक्यच रुळलं. हिशेबात घोळ झाला, रिक्षावाल्याने जास्त पैसे सांगितले, भावाने परीक्षेतले मार्क वाढवून सांगितले, की कोणीतरी म्हणणारच, चिमणी नाही धरायची. इतकी वर्षं त्या गोष्टीवर आम्ही हसलो.

"तो दिवस?" मी विचारलं. "तो हा दिवस होता?"

"तोच. तू धावत खाली आलीस, 'आई, मी तीन मोजले, पप्पा चिमणी धरत नाहीत' म्हणत. मी वर गेले. ते कठड्याला धरून उभे होते. मी म्हटलं, लेकरू तीन म्हणतंय तर तीन म्हणा ना. कोण बघायला आलंय? तर मान हलवली. नाही म्हणाले. तिसरा येऊ दे. आकाशात सगळी राख आणि धूर, तारा कुठला दिसतोय लवकर! तिसरा तारा आला आणि ते तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. मग असे रडले की खालून वॉचमन पळत आला. त्या रात्रीच्याच गाडीने गावाला गेले."

मी त्यांना सुटका देऊ केली होती. सहा-सात वर्षांच्या पोरीने बोट दाखवून म्हटलं होतं, झाले बघा तीन, आणि त्यांनी ती घेतली नव्हती. वर चेष्टेच्या सुरात समजावलं होतं, मी घाबरू नये म्हणून. आणि पुढे आयुष्यभर तीच गोष्ट त्यांनी हसत सांगितली, पण तो दिवस कोणता ते एकदाही सांगितलं नाही. ज्या माणसाला मी साधा, कोणालाही शिफ्ट बदलून देणारा भोळा सांब समजत आले, तो हा होता. मला त्यांची भीती वाटली, खरं सांगते. एवढी ताकद घरात वावरत होती आणि मला तिचा पत्ताही नव्हता.

"म्हणून मी करतेय," आई म्हणाली. "मला त्यांच्यासारखं जमत नाही. कालपासून तारे कधी दिसतात याचीच वाट बघतेय. पण त्यांनी केलं ते मी बघितलंय." मग तिने खिडकीकडे बघितलं. "अंधार पडला का?"

"नाही अजून."

थोड्या वेळाने परत म्हणाली, "बघ बरं, पडला का?"

मी गच्चीवर गेले. थंडीचे दिवस होते, धुकं आणि धूळ मिळून आकाश मळकट झालं होतं. जरीपटक्याच्या बाजूला बाजाराचे दिवे लागले होते. उत्तरेकडे, दूर, कोराडीच्या चिमण्यांवरचे लाल दिवे लुकलुकत होते. पश्चिमेला एक तारा होता, ठळक. बऱ्याच वेळाने डोक्यावर दुसरा दिसला. तिसरा काही दिसेना. खाली माझी आई रडू दाबून वाट बघत बसली होती. तिला सोडवणं माझ्या हातात होतं. जिना उतरून 'तीन' म्हणायचं, बस. तिचे गुडघे दुखतात, ती वर येऊन बघणार नव्हती. आणि देवाला तरी तिसऱ्या ताऱ्याचं एवढं काय पडलंय?

मी कठडा धरून उभी राहिले. चिमणीवरच्या दिव्याकडे बघितलं. "नाही धरत, पप्पा," मी मोठ्याने म्हणाले. मी तिथे किती वेळ होते कोण जाणे. पाय गारठले. मग टाकीच्या वरच्या बाजूला, जिथे मी आधी चार वेळा बघितलं होतं, तिथे तो होता. बारीक, पण होता.

खाली आले तर आई दाराकडे तोंड करून बसली होती.

"तीन," मी म्हणाले.

"चिमणी?"

"नाही धरली."

तिने मान हलवली. मग उठून शब्बाथला निरोप द्यायची तयारी केली. पप्पांनी आणलेल्या लवंगा तळहातावर घेऊन हुंगल्या आणि माझ्या नाकाशी धरल्या. नवी वात पेटवली आणि उरलेलं सरबत बशीत ओतून त्यात ती विझवली. खोलीत तेलाचा आणि लवंगांचा वास भरला. मग तिने खुर्चीवरचा ब्लाउज उचलला, आत जाऊन तो फाटका ब्लाउज अंगावर चढवला आणि बाहेर येताना माझी ओढणी घेऊन आली. ती तिने स्वतः माझ्या गळ्यात घातली, फाटलेला काठ पुढे येईल अशी.

मला वाटलं आता ती बसेल आणि रडेल. मी तिच्यासाठी पाणी आणायला वळले. दूध तापवायचं राहिलं होतं, भावाला फोन करायचा होता, पाण्याची मोटर लावायची होती.

आईने माझा दंड धरला.

"मंगळवारपासून तू पॅनलवर आहेस," ती म्हणाली. "बाजारात तू, दवाखान्यात तू, कब्रस्तानात तू. जेवलीस का, कोणी विचारलं नाही तुला. मी पण नाही विचारलं. मला सुधच नव्हती. काल आणि आज मी विसावा घेतला. आता मी उभी आहे. चार्ज दे."

"आई, दूध..."

"चार्ज दे मला."

तिने मला चटईवर खाली बसवलं, जिथे ती इतके दिवस बसली होती तिथेच, भिंतीला टेकून. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिचा हात पप्पांपेक्षा लहान आहे आणि बोटांना अजून लवंगांचा वास होता. ती म्हणाली, "रड."

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा नव्हता. खालच्या मावशी तो ऐकून तशाच अनवाणी जिना चढून धावत आल्या आणि दारात उभ्या राहून ओरडल्या, "काय झालं वं माय? काय झालं?"

आईच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं. हात न काढता तिने मावशींकडे बघितलं.

"काही नाही," ती म्हणाली. "शब्बाथ संपला. या, बसा आमच्याजवळ."